आईच्या उंचीची झाडं

इलांगचं झाड मोकळं सोडलं तर
माडाच्याही वर जातं, असं म्हणतात.
मी पाहिलं नव्हतं.
आमच्या उतारावरची सगळी झाडं
आईच्या खांद्याला खांदा लावून थांबलेली.

कोवळेपणीच शेंडा छाटायचा,
फांद्या खाली ओढायच्या,
काथ्यानं खुंटीला बांधून टाकायच्या
मोडक्या हातासारख्या.
वर्षभरात फांदी विसरते
वर काय होतं ते.
माणसाच्या उंचीची ठेवा, मालक म्हणाला होता.
मापाला आई उभी राहिली.
आई बुटकी.

दव असेतो खुडायचं.
हिरवं नको, हिरव्यात नुसतं पाणी.
पिवळं झालेलं, आणि आत पाकळ्यांच्या मुळाशी
सुई टोचल्यासारखा लाल ठिपका, तेच.
उन्हं वर आली की वास उडतो
आणि वासाबरोबर पैसे.
आई वास घ्यायची नाही.
टोपली हातावर तोलून सांगायची,
चार किलो, वर मूठभर.
काट्यावर मुस्बाहूचा अंगठा नसला
तर तेवढंच भरायचं.

मुस्बाहूची भट्टी ओढ्याकाठी.
तांब्याचं मोठं पोट, जागोजागी डाग दिलेलं.
फुलं आत, पाणी खाली, लाकूड त्याच्याही खाली.
चार-पाच भट्ट्यांत एक आंब्याचं झाड संपायचं
आणि डोंगर तेवढा मागे सरायचा.
पहिल्या दोन तासांत जे थेंब उतरतात
त्यात तो काचेची कांडी सोडायचा,
ती किती बुडते ते डोळे बारीक करून बघायचा,
मग म्हणायचा, बाटली बदला.
पहिल्या बाटलीतलं 'एक्स्ट्रा'.
ते विमानानं जातं,
तिकडे कुणाच्यातरी कानामागे.
मग एक नंबर, मग दोन नंबर.
तीन नंबर उतरेपर्यंत रात्र होते,
तो साबणाला.
त्यातलाच बोटभर मुस्बाहू आईला द्यायचा,
बुडवलेल्या मजुरीपोटी.

म्हणून माझ्यासाठी आईचा वास म्हणजे
धूर, ओलं तांबं
आणि अगदी तळाशी,
उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखं, फूल.

चौदाव्या वर्षी मी झाडांच्या वर गेले.
आई वैतागली :
एशाती, अंग कशाला वाढवतेस?
तुझ्यासाठी पुन्हा लावणार आहेत का झाडं?
ती गेल्यावर टोपली माझ्याकडे आली.
प्रत्येक झाडापाशी
रुकूत जावं तशी कमरेत वाकायचे मी,
दिवसाला दोनशे वेळा.
प्रार्थना नव्हे ती. पाठ दुखायची.

मग भाव पडला.
मालकानं फोन उचलणं सोडलं,
मुस्बाहूनं भट्टीचं तांबं किलोवर विकलं.
(त्या दिवशी काट्यावर अंगठा दुसऱ्याचा होता.)
दोन वर्षं कोयता कुणी लावला नाही
आणि झाडांना आठवलं.

आता फुलं कौलांच्या वर आहेत.
शिडी कुणाकडे नाही, असली तरी कशाला.
खोडाला हात लावला की माझ्या छातीपाशी
काथ्याचा वळ लागतो, जाडसर, गोल,
तिथे फांद्या अजून आडव्याच गेलेल्या आहेत,
त्या हलल्या नाहीत.
त्यांच्या वर मात्र सरळ, एका दमात, आभाळ.

रात्री वास खाली उतरतो.
भिंतीतून येतो, भातात बसतो,
वाळत टाकलेल्या कपड्यांना धरून राहतो.
शेजारची झाइतूनी उठून अंगणात येते, चिडलेली :
झोप नाही गं.
एवढा पैसा रात्रभर नुसता नाकातून जातोय.

दोघी उभ्या राहतो मग, अंधारात, माना वर करून.
किती असतील गं, ती विचारते.
मला सांगता येत नाही.
हात लावल्याशिवाय
आईनंही सांगितलं नसतं.